स्थलांतरित काष्ठमंदिर आणि त्याचे नाम : प्राग येथील संत मिखाएलच्या वास्तूसंबंधी काही विचार

प्राग शहरात व्ल्तावा नदीच्या डाव्या तीरावर पेत्रशीन नावाची टेकडी आहे. तिच्या दक्षिण उतारावर किन्स्की उद्यान असून त्या उद्यानातील वृक्षराजीत एक लहानशी लाकडी वास्तू उभी आहे. लांबी सुमारे १४ मीटर, रुंदी ८ मीटर, आणि सर्वांत उंच मनोऱ्याची उंची १७ मीटर. लाकडी कौलांनी मढवलेली तीन शिखरे, त्यांवर कांद्याच्या आकाराचे लहान घुमट, आणि गडद तपकिरी रंग. दगडी प्रार्थनामंदिरांनी भरलेल्या त्या नगरीत ही वास्तू परकी आहे, हे पाहणाऱ्याच्या तत्काळ ध्यानात येते. प्रवाशांसाठी लिहिलेल्या पुस्तिकांत तिचा निर्देश बहुधा ‘लाकडी ऑर्थोडॉक्स चर्च’ असा दोन-तीन शब्दांत आटोपलेला असतो. या तीन शब्दांपैकी ‘लाकडी’ हा एकच निर्विवाद आहे. उरलेल्या दोन शब्दांमागे तीनशे वर्षांचा इतिहास आणि किमान दोन वाद दडलेले आहेत. प्रस्तुत टिपणात त्यांचाच परामर्श घेण्याचे योजिले आहे.

वास्तुशास्त्र हा माझा विषय नव्हे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने सुतारकामावर लिहावे, हे काहींना अनधिकारचेष्टा वाटेल. तथापि ज्या वास्तूची जागा दोनदा बदलली, जिच्यावरील राज्य बदलले, जिच्यात उपासना करणारा समाज बदलला, तिच्या बाबतीत ‘तीच वास्तू’ या शब्दप्रयोगातील ‘तीच’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न केवळ सुतारांवर सोपवता येत नाही. तो काही अंशी अर्थविचाराचा प्रश्न आहे.

प्रथम इतिहास. ही वास्तू सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुकाचेवो नगराजवळील वेलिकी लुच्की या गावी बांधली गेली. चेक भाषेत या गावाचे नाव वेल्के लोउच्की, मॅग्यार भाषेत नाग्यलुच्का. १७९३ मध्ये ती तेथून उतरवून जवळच्या मेद्वेदिव्त्सी (चेक रूप मेद्वेदोव्त्से) या गावी नेण्यात आली आणि तेथे सुमारे एकशे छत्तीस वर्षे उभी होती. १९२९ मध्ये ती पुन्हा सुटी करून, सहाशे किलोमीटरहून अधिक अंतर ओलांडून, प्रागमध्ये आणली गेली. (जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, दुसऱ्या गावाच्या नावातील ‘मेद्वेद’ हा शब्द अस्वलवाचक असून त्याची फोड ‘मध खाणारा’ अशी होते. आपल्याकडील ‘मधु’ आणि ‘अद्’ या धातूशी त्याचे दोन्ही अवयव सजातीय आहेत. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात ‘मध्वद’ हे विशेषण पक्ष्यांना लावलेले आढळते. प्राचीन काळी अस्वलाचे मूळ नाव उच्चारणे अशुभ मानून स्लाव्ह लोकांनी हे वर्णनात्मक नाव रूढ केले, असे व्युत्पत्तिकार मानतात.)

येथे एक गोष्ट लक्षात घेणे अगत्याचे आहे. वास्तूचे स्थलांतर ही आधुनिक संग्रहालयांनी काढलेली क्लृप्ती नव्हे. १७९३ मध्ये ना संग्रहालय होते ना पुरातत्त्व खाते. कार्पेथियन पर्वताच्या दोन्ही अंगांना, एखाद्या गावाची ऐपत वाढली की तेथे विटादगडांचे मोठे मंदिर उभे राही आणि जुने लाकडी मंदिर त्याहून गरीब अशा शेजारगावाला मिळे. गाडीवर घालून नेता येईल अशी ती मालमत्ता होती. आपल्याकडे वास्तूला ‘स्थावर’ म्हणण्याचा प्रघात आहे. ओंडक्यांचे मंदिर ही मात्र जंगम वस्तू होती, आणि ती जंगम असण्याचे कारण तिच्या रचनेतच होते.

ती रचना अशी. झाडाचे ओंडके तासून एकावर एक आडवे रचले जातात. कोपऱ्यात जेथे दोन भिंती भेटतात तेथे प्रत्येक ओंडक्याला खाच पाडून तो दुसऱ्यात अडकवला जातो. चारही बाजूंच्या ओंडक्यांचा मिळून एक थर होतो. अशा थराला युक्रेनियन भाषेत ‘विनेत्स’ म्हणजे मुकुट किंवा माळ म्हणतात. हाच शब्द विवाहसमारंभात वधूवरांच्या मस्तकी ठेवण्याच्या मुकुटालाही आहे. थरावर थर चढवून जी पेटी तयार होते तिला ‘झ्रुब’ (चेकमध्ये ‘स्रुब’) म्हणतात. हा शब्द ‘रुब्’ म्हणजे कुऱ्हाडीने तोडणे या धातूपासून आलेला आहे. रशियन नाण्याचे ‘रुबल’ हे नावही त्याच धातूपासून साधले जाते. रशियन भाषेत घर किंवा मंदिर ‘बांधले’ असे न म्हणता जुन्या लेखांत ते ‘तोडले’ असे म्हटलेले आढळते. मराठी वाचकाला हे विचित्र वाटेल. पण जेथे सगळे काम कुऱ्हाडीच्या पात्याने होते, आणि करवतीपेक्षा कुऱ्हाडीने तासलेल्या लाकडाचे तंतू अधिक मिटून पाणी कमी शोषतात, तेथे तोडणे हीच बांधणीची क्रिया होय. चेक भाषेत अशा घराला अद्यापही ‘रोउबेना’ असे त्याच धातूपासून झालेले विशेषण लावतात.

अशा वास्तू ‘एकही खिळा न वापरता’ बांधल्या असे विधान वारंवार वाचनात येते. मूळ चौकटीपुरते ते सामान्यतः खरे आहे. कोपऱ्याचा सांधा ओंडक्यांच्या भारानेच आवळला जातो आणि आवश्यक तेथे लाकडी खुंट्या मारल्या जातात. छपरावरील कौले मात्र हवेने उडू नयेत म्हणून ठोकावीच लागतात. या विधानामागे जो आश्चर्याचा सूर असतो तो मला अस्थानी वाटतो. खिळा नाही याचा खरा अर्थ लोखंड दुर्मिळ होते किंवा कारागीर चमत्कार करीत होते असा नसून, जोडणी उलट क्रमाने सोडवता यावी असा आहे. खिळा मारलेले लाकूड उपसताना फुटते, खाचेत बसवलेले लाकूड उचलले की सुटते.

पेत्रशीन येथील वास्तू त्रिविभागी आहे. कार्पेथियन प्रदेशातील बोइको या पहाडी समाजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत तिची गणना होते. पश्चिमेकडील प्रवेशभागाला ‘बाबिनेत्स’ म्हणतात. ‘बाबा’ म्हणजे स्त्री, विशेषतः वयस्क स्त्री. तेव्हा बाबिनेत्स म्हणजे बायकांची जागा. मधला भाग पुरुषांचा व मुख्य प्रार्थनेचा, आणि पूर्वेकडील भाग वेदीगृह. मधल्या भागातून वेदीगृहाला वेगळे करणारी प्रतिमाभित्ती असते. तीवर संतांच्या व ख्रिस्ताच्या प्रतिमा ठराविक क्रमाने लावलेल्या असतात, आणि तिच्या मध्यावरील ‘राजद्वार’ उपासनेच्या विशिष्ट क्षणीच उघडते. बाहेरून दिसणारी तीन शिखरे म्हणजे आतील तीन विभागांचेच बाहेर उमटलेले रूप होय. दगडी मंदिरात शिखर आणि आतील जागा यांचा संबंध पुष्कळदा तुटलेला असतो. येथे तो तुटणे शक्य नाही, कारण प्रत्येक विभाग म्हणजे एक स्वतंत्र पेटी आणि प्रत्येक पेटीला स्वतःचे झाकण.

या शिखरांवरील घुमटांचा आकार मात्र ओंडक्यांच्या तर्कातून निघालेला नाही. तो बरोक शैलीतला, नगरांतून आलेला, तांब्याच्या पत्र्यातून व दगडी चुनेगच्चीतून घडलेला आकार आहे. गावच्या सुतारांनी तो लाकडी कौलांत उतरवून घेतला. परभाषेतील शब्द स्वीकारताना भाषा त्याला आपल्या ध्वनिव्यवस्थेत बसवते, त्यासारखाच हा प्रकार. काही अभ्यासक अशा घुमटांना शुद्ध लोकशैलीतील भेसळ मानतात. मला ते मत ग्राह्य वाटत नाही. शुद्ध शैली ही शुद्ध भाषेप्रमाणेच अभ्यासकाच्या टेबलावर असते, गावात नसते.

आता स्थलांतराची प्रक्रिया. ओंडके उतरवण्यापूर्वी प्रत्येकावर खूण करावी लागते : कोणती भिंत, कितवा थर. त्या खुणांच्या आधारे नव्या जागी तोच क्रम पुन्हा लावला जातो. कुजलेला ओंडका असेल तर त्याच्या जागी नवा तासून बसवतात. जमिनीला लागून असलेले खालचे थर ओलाव्यामुळे आधी कुजतात, तेव्हा ते अनेकदा बदलावे लागतात. कौलांचा प्रश्नच नाही. ती काही दशकांनी बदलावीच लागतात, मंदिर हलो वा न हलो. म्हणजे १९२९ मध्ये प्रागला जे आले त्यात सतराव्या शतकातील लाकूड होते, मधल्या काळातील दुरुस्त्यांचे लाकूड होते आणि नव्याने तासलेलेही काही होते. हस्तलिखितांच्या परंपरेशी परिचय असलेल्या वाचकाला ही परिस्थिती ओळखीची वाटेल. प्रतीवरून प्रत होताना पाने फाटतात, लेखक गाळलेला मजकूर भरतो, कोणी समासातील टीप मूळ मजकुरात घेतो. या सर्वांतून क्रम टिकून राहिला की आपण तिला तोच ग्रंथ म्हणतो. ओंडक्यांच्या वास्तूतही टिकते ते प्रामुख्याने द्रव्य नव्हे, तर क्रम. या अर्थाने स्थलांतर तिच्या स्वभावाला धरून आहे, असे माझे मत आहे. आणि ‘मूळ जागेवरून उपटलेली म्हणून मृत’ असा जो सरसकट निवाडा अशा वास्तूंबाबत दिला जातो तो निदान रचनेच्या बाजूने टिकत नाही.

तो निवाडा दुसऱ्या बाजूने मात्र विचारात घ्यावाच लागतो. १७९३ चे स्थलांतर आणि १९२९ चे स्थलांतर या दोन भिन्न जातींच्या घटना आहेत. पहिल्यात एका गावाचे मंदिर दुसऱ्या गावाचे मंदिर झाले. भाषा तीच, विधी तोच, बाबिनेत्समध्ये बायका उभ्या राहत त्याच राहिल्या. दुसऱ्यात मंदिराचे प्रदर्शनवस्तूत रूपांतर झाले. पहिल्या महायुद्धानंतर, सें-जर्में येथील १९१९ च्या तहाने, हा प्रदेश ‘पोटकार्पेथियन रुस’ या नावाने नव्या चेकोस्लोव्हाकियाला जोडला गेला. राज्याच्या अतिपूर्वेकडील, दरिद्री आणि अपरिचित अशा या प्रांताचे राजधानीत काही प्रतीक असावे, अशी भावना त्या दशकात प्रबळ होती. पोटकार्पेथियन लोकांची भेट म्हणून ही वास्तू प्रागमध्ये आली आणि वांशिक संग्रहालयाच्या शेजारी, उद्यानात, उभी राहिली.

युरोपात याला पूर्वोदाहरणे होती. नॉर्वेतील वांग येथील मध्ययुगीन काष्ठमंदिर चित्रकार दाल याच्या खटपटीने विकत घेतले जाऊन १८४१-४२ मध्ये प्रशियाच्या राजाकडून सायलेशियातील पर्वतावर हलवले गेले. ते स्थान आज पोलंडमधील कार्पाच येथे आहे. गोल येथील मंदिर १८८४-८५ च्या सुमारास ऑस्लोजवळील राजेशाही संग्रहात आले, आणि १८९१ मध्ये स्टॉकहोम येथे हाझेलिउस याने स्कान्सेन हे उघड्यावरचे संग्रहालय स्थापन केल्यावर अशा स्थलांतराला एक शास्त्रीय प्रतिष्ठा प्राप्त झाली. चेक प्रदेशात प्रागनंतर जणू लाटच आली. वेल्का कोपान्या येथील १६६९ चे मंदिर १९३० मध्ये दोब्र्झिकोव्हला, ओब्रुच्ने येथील मंदिर त्याच वर्षी नोव्हा पाकाला, ह्लिन्यान्त्से येथील १९३१ मध्ये कुन्चित्से गावी, माला पोल्याना येथील १९३५ मध्ये ह्रादेत्स क्रालोवेला, आणि निझ्नी सेलिश्ते येथील १९३६-३७ मध्ये ब्लान्स्कोला आले. फ्लोरिआन झापलेताल या चेक अभ्यासकाने कार्पेथियन खेड्यांतून हिंडून तेथील काष्ठमंदिरांची छायाचित्रे व नोंदी जमवल्या होत्या. त्याचा संग्रह ग्रंथरूपाने व्हिएन्ना येथे १९८२ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, प्रसिद्ध झाला. हलवलेल्या आणि नष्ट झालेल्या वास्तू मुळात कोणत्या टेकडीवर, कोणत्या झाडांत, कोणत्या स्मशानाच्या मध्ये उभ्या होत्या, हे जाणण्याचे पुष्कळदा ती छायाचित्रे हेच साधन आहे.

येथून मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. प्रागला येताना या वास्तूचा क्रम आला, द्रव्य आले, प्रतिमा आल्या; एक गोष्ट सीमेवर राहून गेली, ती म्हणजे तिचे सामान्यनाम. गावच्या भाषेत ही वास्तू ‘त्सेर्क्वा’ होती. प्रागमध्ये ती ‘कोस्तेल’ झाली. चेक भाषेत मंदिराच्या इमारतीला ‘कोस्तेल’ म्हणतात. तो शब्द लॅटिनमधील ‘कास्तेल्लुम’, म्हणजे लहान किल्ला, यापासून जर्मनांच्या मार्फत आलेला आहे आणि पाश्चात्त्य, रोमन परंपरेच्या मंदिराशी निगडित आहे. ‘त्सेर्क्वा’चा सगोत्र शब्द चेकमध्ये नाही असे नव्हे. तो ‘त्सीर्केव्ह’ या रूपात आहे, पण त्याचा अर्थ इमारत नसून धर्मसंस्था, अनुयायांचा संघ असा झाला आहे. गावात ज्या शब्दाने लाकडी भिंती निर्दिष्ट होत होत्या, त्याच शब्दाच्या भावंडाने राजधानीत केवळ अमूर्त संस्था निर्दिष्ट होते. शेजारच्या पोलिश भाषेत ‘कोश्च्युल’ आणि ‘त्सेर्किएव्ह’ हा भेद इतका तीक्ष्ण आहे की एकाच्या जागी दुसरा शब्द वापरला तर ऐकणारा तत्काळ दुरुस्ती करील.

आपल्या भाषेतही या शब्दकुळाची मौजेची शाखा आहे. मराठीत रूढ झालेला ‘चर्च’ हा शब्द इंग्रजीच्या मार्गाने आला. त्याचे आणि ‘त्सेर्क्वा’चे मूळ एकच, ‘प्रभूचे’ या अर्थाचा ग्रीक शब्द ‘किरिआकोन’. गोव्यात आणि कोकणपट्टीत प्रचलित असलेला ‘इगर्ज’ हा शब्द मात्र पोर्तुगीज ‘इग्रेझा’वरून आलेला असून त्याचे मूळ ‘एक्लेसिया’, म्हणजे बोलावून जमवलेली सभा, हे होय. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात या दुसऱ्या अर्थाला ‘मंडळी’ हा नेटका शब्द योजला गेला, आणि इमारतीला ‘मंदिर’ वा ‘देऊळ’ म्हणण्याची सोय राहिली. चेक भाषेतील ‘त्सीर्केव्ह’ आणि ‘कोस्तेल’ यांची वाटणी समजण्यास मराठी भाषकाला फारसे कष्ट पडू नयेत, ते यामुळे.

सामान्यनामाचा हा बदल क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. परंतु त्याच्या पाठोपाठ ‘ऑर्थोडॉक्स’ हे विशेषण आले आणि त्याने घोटाळा वाढवला. मुकाचेवोच्या परिसरातील पौर्वात्य विधीच्या धर्मगुरूंनी २४ एप्रिल १६४६ रोजी उझहोरोद येथे रोमशी ऐक्य स्वीकारले. ते ऐक्य नंतरच्या दशकांत हळूहळू पसरत गेले आणि त्यातून जो संप्रदाय निर्माण झाला त्याला पुढे ग्रीक कॅथलिक हे नाव रूढ झाले. पोपचे प्रमुखत्व मान्य, पण उपासनेची भाषा, पंचांग, प्रतिमाभित्ती, धर्मगुरूंचा विवाह, हे सर्व पूर्वीप्रमाणे. आपली वास्तू बांधली गेली ती नेमकी या संक्रमणाच्या काळात. म्हणून ‘पौर्वात्य विधीचे मंदिर’ असे तिचे वर्णन निर्दोष होईल. ‘ऑर्थोडॉक्स’ हे वर्णन तिच्या गावातील दीर्घ आयुष्याला लागू पडत नाही. रचना याबाबत काहीही सांगत नाही, आणि सांगू शकत नाही, कारण दोन्ही संप्रदायांचा विधी एकच असल्याने दोहोंना तीच त्रिविभागी पेटी पुरेशी होती. वास्तूवरून संप्रदाय ओळखता येतो हा जो समज वास्तुविवेचनात आढळतो, त्याला हे मंदिर म्हणजे चांगला प्रत्यवाय आहे.

हा प्रश्न केवळ पंडिती नव्हता. १९२० नंतरच्या दशकात पोटकार्पेथियन रुसमधील अनेक गावे ग्रीक कॅथलिक संप्रदाय सोडून ऑर्थोडॉक्स संप्रदायाकडे वळली, आणि मंदिराची इमारत कोणाची यावरून गावोगाव भांडणे झाली. पुढे, प्रदेश सोव्हिएत संघाकडे गेल्यावर, १९४९ मध्ये ग्रीक कॅथलिक संप्रदाय तेथे बळाने मोडून काढण्यात आला. ज्या काळात एका विशेषणासाठी माणसांनी तुरुंगवास सोसला, त्या काळातील वास्तूला ते विशेषण सोयीपुरते चिकटवणे हा अभ्यासकाचा निष्काळजीपणा होय. तथापि या कथेला एक वळण आहे. आगीपूर्वीच्या काही वर्षांत पेत्रशीनवरील ही वास्तू प्रागमधील रुमानियन ऑर्थोडॉक्स समाजाच्या उपासनेसाठी वापरात होती. म्हणजे जे विशेषण इतिहासाच्या दृष्टीने सदोष होते ते अखेर वर्तमानात खरे ठरले. शब्दाने वस्तूला आपल्याकडे ओढून घेतल्याची अशी उदाहरणे भाषेच्या इतिहासात तुरळक नाहीत.

तुलनेसाठी उरलेल्या स्थलांतरित वास्तूंपैकी दोघींकडे पाहणे उद्बोधक ठरेल. ब्लान्स्को येथील मंदिर आज चेकोस्लोव्हाक हुसाइट संप्रदायाकडे आहे. म्हणजे संप्रदाय पूर्णतः बदलला. परंतु संत परास्केवा हे तिचे नाव टिकले. ग्रीक भाषेत परास्केवा म्हणजे शुक्रवार; पौर्वात्य लोकधर्मात अतिशय प्रिय असलेली ही संत पश्चिमेत फारशी परिचित नाही. ते नाव उच्चारताच वास्तू कोठून आली याची आठवण राहते. याउलट कुन्चित्से येथील मंदिर रोमन कॅथलिकांच्या हाती असून संत प्रोकोप आणि संत बार्बोरा यांच्या नावाने ओळखले जाते. प्रोकोप हा खास चेकांचा संत, आणि बार्बोरा ही खाणकामगारांची. दोन्ही नावे वास्तूच्या नव्या घराची आहेत. नाव देणाऱ्यांच्या मनात होते की नाही कोणास ठाऊक, पण प्रोकोपाची निवड एका अर्थी समर्पक ठरली : अकराव्या शतकात त्याने स्थापलेल्या साझावा मठातच बोहेमियात स्लाव्हॉनिक भाषेतील उपासना दीर्घकाळ टिकून होती. प्रागची वास्तू या दोहोंच्या मध्ये आहे. देवदूत मिखाएल हे विशेषनाम तिने राखले, सामान्यनाम गमावले. तिन्हींमध्ये ब्लान्स्कोची निवड मला अधिक प्रामाणिक वाटते.

१९६४ च्या व्हेनिस संहितेच्या सातव्या कलमात, वास्तू ही तिच्या इतिहासापासून आणि परिसरापासून अविभाज्य असल्याने, संरक्षणासाठी अनिवार्य असल्याखेरीज वा अत्यंत महत्त्वाच्या राष्ट्रीय अगर आंतरराष्ट्रीय हेतूवाचून ती हलवू नये, असा दंडक आहे. दगडी वास्तूंच्या बाबतीत हा दंडक योग्यच होय. परंतु जी वास्तू १७९३ मध्येच एकदा हलली, तिचा ‘मूळ परिसर’ कोणता मानावा? वेलिकी लुच्की येथील, जेथे ती जन्मली, की मेद्वेदिव्त्सी येथील, जेथे ती अधिक काळ जगली? शिवाय ती दोन्ही गावे जागच्या जागी राहिली तरी त्यांच्यावरील राज्ये बदलत गेली : १९३८-३९ मध्ये हंगेरी, १९४५ मध्ये सोव्हिएत संघ, १९९१ पासून युक्रेन. वास्तू ज्या राज्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आली ते राज्यही १९९३ च्या आरंभी दुभंगले. परिसर स्थिर आणि वास्तू चल, हे संहितेतील गृहीत येथे उलटेपालटे झाले आहे.

२८ ऑक्टोबर २०२० रोजी या वास्तूला आग लागली. छप्पर आणि शिखरे यांची फार मोठी हानी झाली आणि प्रारंभीच्या वृत्तांत ती संपल्यासारखेच लिहिले गेले. २८ ऑक्टोबर हा १९१८ मधील चेकोस्लोव्हाक राज्याच्या स्थापनेचा दिवस, आणि या वास्तूला प्रागमध्ये आणले ते त्याच राज्याने. वृत्तपत्रे अशा योगायोगांवर जगतात. आपण त्यावर काही बांधू नये. पुढील वर्षांत प्राग नगरपालिकेच्या पुढाकाराने वास्तूची पुनर्रचना झाली.

पुनर्रचनेच्या वेळी जो प्रश्न पुढे येतो तो पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना सुखटणकरांपुढे होता त्याहून वेगळा नाही. सर्व प्रतींच्या मागे जाऊन प्राचीनतम उपलब्ध पाठ शोधावा, की परंपरेने जो पाठ पिढ्यान्‌पिढ्या वाचला तो राखावा? सुखटणकरांना एक सोय होती. जे त्यांनी संहितेतून वगळले ते तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवता आले. वाचकाला हवे तर तो तेथे पाहू शकतो. लाकडाला तळटीप नसते. सुताराला एका खाचेत एकच ओंडका बसवता येतो. सतराव्या शतकाचे रूप साधावे, १७९३ चे, की १९२९ नंतर प्रागकरांच्या तीन पिढ्यांनी पाहिलेले? माझ्या मते शेवटचे हेच योग्य, आणि कारण असे की पहिली दोन रूपे कल्पनेने भरून काढावी लागतात, तर तिसऱ्याची मोजमापे आणि छायाचित्रे उपलब्ध आहेत. नव्या लाकडाचा उजळ रंग काही वर्षे तरी जुन्या काळवंडलेल्या लाकडाहून वेगळा दिसेल. तेवढा काळ ती रंगभिन्नता हीच पाठभेदांची नोंद समजावी. पुढे ऊनपावसाने सगळे एकरंगी होईल, तेव्हा कागदावरील नोंदीला पर्याय राहणार नाही. आणि या नोंदीत कोणता ओंडका कोणत्या पर्वातला हे लिहिण्याचा खटाटोप जितका होईल तितकाच खटाटोप नावांच्या बाबतीत व्हावा, एवढाच माझा आग्रह आहे.

नावांचा प्रश्न अन्यत्र कसा सुटला हे पाहण्यासारखे आहे. पोलंड व युक्रेन यांच्या कार्पेथियन प्रदेशातील सोळा काष्ठमंदिरे २०१३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली तेव्हा यादीच्या इंग्रजी शीर्षकातही ‘चर्च’ हा शब्द टाळून ‘त्सेर्क्वा’ हाच शब्द ठेवण्यात आला. त्याआधी पाच वर्षे, २००८ मध्ये, स्लोव्हाकियातील आठ काष्ठमंदिरे याच यादीत आली. त्यांत रोमन कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि ग्रीक कॅथलिक अशी तिन्ही प्रकारची मंदिरे असल्याने तेथे व्यापक सामान्यनाम योजले गेले, आणि ते रास्तच होते. दोन निर्णयांतील भेद हा विचारपूर्वक केलेला आहे. पेत्रशीनवरील ‘कोस्तेल’ मात्र केवळ सवयीने आला.

ह्रादेत्स क्रालोवे येथील संत निकोलासच्या वास्तूची कथा याहून निराळ्या रीतीने पुढे गेली. तीही दोनदा हललेली : सोळाव्या शतकाच्या आरंभी हाबुरा गावी बांधलेली, अठराव्या शतकात माला पोल्यानाला गेलेली, १९३५ मध्ये चेक नगरात आलेली. अलीकडे हाबुरा गावच्या लोकांनी आपल्या हरवलेल्या मंदिराची लाकडी प्रतिकृती गावातच उभी केली आहे. जुने ओंडके नगराच्या उद्यानात आहेत आणि नवे ओंडके मूळ गावात. मराठीत या दोहोंविषयी लिहिताना नगरातील वास्तूला ‘चर्च’ आणि गावातील वास्तूला ‘त्सेर्क्वा’ म्हणावे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सुचवले होते. त्यांपैकी एकाने नेमके उलट करावे असे मांडले, आणि त्याची बाजू मला अद्याप खोडून काढता आलेली नाही.